गिरजामावशीची गुरुवारची बैठक

"मालकांना घेऊन आलात का, मावशी?" मी विचारलं.

पंचवटीतल्या एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरायची. मी पहिल्यांदाच आलो होतो. पंधरा-वीस पुरुषांत ती एकटी बाई. पन्नाशीची, कपाळाला ठसठशीत कुंकू, खुर्चीशेजारी फुलांची रिकामी पाटी.

"मालक घरी हायेत," ती म्हणाली. "त्यांनी उभ्या जन्मात घेतली नाय. पिणारी मीच. बस इथं. जेवलास का?"

मी सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होतो. हात थरथरायचे, कातायला घेतलेले जॉब बिघडायचे. शेवटची समज देताना सुपरवायझरनेच या बैठकीचा पत्ता दिला होता. बायको मुलीला घेऊन देवळ्याला माहेरी निघून गेलेली. माझ्याइतकी लाज कोणाच्याच वाट्याला आली नसेल, असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी गिरजामावशी बोलायला उभी राहिली आणि तो गैरसमज दूर झाला.

मखमलाबादकडे तिचं फुलांचं शेत. थंडीत पहाटे शेवंती तोडताना ऊब यावी म्हणून कोणीतरी दिलेला घोट पुढे रोजचा झाला. बाटली पाटीत, फुलांखालच्या ओल्या गोणपाटात असायची. एकदा भर बाजारात, हार घ्यायला आलेल्या बायकांसमोर ती त्याच पाटीवर आडवी झाली.

"पुरुष पिला तर लोक म्हणतात, बिघडला," ती सांगायची. "बाई पिली तर म्हणतात, बाटली!" आणि या कोटीवर सगळ्यांत आधी तीच खळखळून हसायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसावं की काय करावं, मला कळेना.

मी एकदा विचारलं, "मावशी, हे जन्मभर कसं जमायचं?"

"जन्मभराची फुलं कोणी एकदम तोडतं का रे? आजची आज तोडायची. कालची इकता येत नाय आणि उद्याची अजून उमलली नाय."

दारू सोडून माझा तिसरा महिना चालू होता आणि दसरा आला. कारखान्यात यंत्रांची पूजा झाली आणि मित्रांचा मागच्या धाब्यावर बसायचा बेत ठरला. मी नाही म्हणालो, पण पाय निघेना. गेटवरून मावशीला फोन लावला. नुसतं म्हणालो, "मावशी, सगळे बसतायत."

"कुठं हायस?"

"कंपनीच्या गेटवर."

"हलू नको."

दसरा म्हणजे झेंडूवाल्यांच्या वर्षातला सगळ्यांत गर्दीचा दिवस. ती बाजारातला ठिय्या जावेवर टाकून रिक्षाने आली. सोबत झेंडूचं एक पोतं. फूटपाथवर बसकण मारून तिने माझ्या हातात सुई दिली. "ओव."

आम्ही दोन तास हार ओवले. मित्रांनी दोनदा हाक मारली, एकाने मोबाइलवर माझा फोटोही काढला. मावशीने वर पाहिलं नाही. दारूचं नावही काढलं नाही. यंदा झेंडूवर पडलेल्या करपा रोगाबद्दलच बोलत राहिली. शेवटी मित्रांच्या मोटरसायकली निघून गेल्या, तेव्हा तिने पदराने हात पुसले. "झाला दसरा. जा घरी."

मी तसाच, थेंबही न घेता, घरी गेलो. त्या वर्षी भाऊबीज करून बायको मुलीला घेऊन परत आली, ती कायमची.

मग एके दिवशी मावशीने बैठकीतच सांगितलं, "माझ्यासारख्या बाया लय हायेत. त्या तुम्हा पुरुषांत येणार नाय. मला गुरुवारी दुपारी ही खोली मिळवून द्या."

"बायका कुठे पितात, मावशी?" कोणीतरी हसत म्हणालं.

"तुमच्याच घरात, दार लावून," ती म्हणाली. पुढच्याच आठवड्यात तिला खोली मिळाली.

पहिल्या गुरुवारी कोणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. पहिली पाळी संपवून मी पायरीवर येऊन बसायचो. आत मावशी खुर्च्या गोल मांडायची, बैठकीची प्रार्थना मोठ्याने म्हणायची आणि तासभर बसून राहायची. दोन महिने हेच चाललं. एकदा मी चिडून म्हणालो, "पुरे आता! कोण आलं आज?"

"मी आले ना," ती म्हणाली.

पुढच्याच गुरुवारी एक बाई शाळेसमोरून दोनदा गेली. चांगली साडी, गॉगल, हातात भाजीची पिशवी. गेटपर्यंत यायचं आणि परत फिरायचं, ती चाल माझ्या ओळखीची होती. मी आत जाऊन सांगितलं. मावशी धावत बाहेर गेली नाही. तिने फक्त दार सताड उघडलं, जागेवर जाऊन बसली आणि एकटीनेच मोठ्याने बोलायला लागली, "मी गिरजा. मी दारू प्यायची. फुलांखाली बाटली ठेवून प्यायची..."

ती बाई गेटपाशी थबकली. आवाज थेट रस्त्यापर्यंत जात होता. तिने गॉगल काढला, डोळे पुसले आणि आत गेली. तासाभराने दोघी बाहेर आल्या, तेव्हा मावशीने तिचा हात धरलेला होता.

"संजू," मावशी मला म्हणाली, "तुमची बैठक आता तुम्ही सांभाळा. मला इथं काम हाय."

परवा गुरुवारी चहाची किटली घेऊन मी तिथे गेलो. आतून बायकांच्या हसण्याचा नुसता गलका येत होता. दारातच ती पहिली आलेली बाई उभी होती. तिने किटली माझ्या हातातून घेतली आणि वाट अडवली. "दादा, आत बायकांची बैठक चालू आहे. तुम्ही निघा."

तिच्या खांद्यावरून मावशी दिसली. ती माझ्याकडे बघून हसली, पण मला आत घ्या, असं काही म्हणाली नाही.

इतक्या ठामपणे मला आजवर कोणी हाकललं नव्हतं. आणि हाकललं गेल्याचा इतका आनंदही मला कधी झाला नव्हता.