काकांचं कुलूप आणि माझा बॅकअप सर्व्हर

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या बाबांनी अंगारे-धुपारे घराच्या उंबऱ्यातही येऊ दिले नाहीत. त्यामुळे हे लिहिताना मलाच हसू येतंय... पण कोणाला काही सुचलं तर सांगा बाप्पा.

मी भिलाईत कॉम्प्युटरचं काम करते. खुर्सीपारच्या आमच्या बुद्धविहारात रक्तदात्यांची यादी एका कॉम्प्युटरवर असायची. ती सांभाळायचे गजभिये काका — स्टील प्लांटमधून रिटायर, महा खडूस माणूस. यादीची कॉपी रोज माझ्या घरच्या बॅकअप सर्व्हरवर यायची. पण लोकांचे फोन नंबर आहेत म्हणून ती दुसऱ्या कुठल्याच मशीनवर उतरता कामा नये, ही काकांची अट. प्लांटमध्ये दुरुस्तीच्या वेळी जो तो आपलं कुलूप लावतो, आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. तसंच त्यांनी दुसऱ्या मशीनला परवानगी देणाऱ्या सेटिंगला स्वतःचा पासवर्ड टाकला. तो दिसू नये म्हणून मी तोंड फिरवून उभी होते. काय हुशार मी! पुढे काका वारले, पासवर्डही गेला.

गेल्या उन्हाळ्यात विहारातलं मशीन बंद पडलं. त्याची हार्ड डिस्कच उडाली होती, ती काढून मी घरी आणली. त्याच दुपारी सुपेल्याच्या दवाखान्यातून दादाचा फोन — बाळंतपणात वहिनीचा रक्तस्राव थांबेना, ओ निगेटिव्ह रक्त कुठंच मिळेना.

मी लॅपटॉपवर रिस्टोर लावलं, म्हणजे बॅकअपमधली यादी उतरवायला घेतली. सर्व्हरनं नाकारलं. काकांच्या पोरांची नावं, जन्मतारखा, सगळं टाकून पाहिलं... नाहीच. कुलूप तोडता आलं असतं, पण संध्याकाळ झाली असती. वहिनीजवळ तेवढा वेळ नव्हता. मी चक्क रडायला लागले.

आई मागून म्हणाली, "काकाले मनातल्या मनात सांगून तं पाह्य."

मी तिच्यावरच चिडले. पण सांगितलं — खोटं कशाला बोलू? पुन्हा बटण दाबलं, आणि यादी सरसर उतरायला लागली.

कुम्हारीचा एक दाता सापडला. बिचारा भर उन्हात बाइकनं आला. वहिनी वाचली, पोरगी झाली.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोणी कधी काय केलं त्याची नोंद, उघडला. परवानगी काकांच्या मशीनवरून, काकांच्या पासवर्डनं दिलेली! ते मशीन विहारात बंद पडलेलं, डिस्क माझ्या टेबलावर, विहाराची किल्ली माझ्या पर्समध्ये. खाली आणखी एक ओळ होती — यादी पूर्ण उतरताच परवानगी परत काढून घेतलेली. काम झालं की लगेच कुलूप लावायची काकांची जुनी सवय.

नेटवर्क तपासलं, सर्व्हर तपासला, दोन मित्रांना लॉग दाखवला. सगळे डोकं खाजवून गेले. आईला मात्र काही प्रश्नच नाही. "ज्याचं कुलूप, त्यानंच काढलं अन् त्यानंच लावलं. तू कावून जीव खाऊन राहिली?"

काल मी मुद्दाम पुन्हा रिस्टोर लावून पाहिलं. सर्व्हरनं नाकारलं. आता कुलूप तोडायला वेळच वेळ आहे, तोडायचं कसं तेही येतं... पण हात धजत नाही.