गोधडीखालचा सौदा

गोदे, अशी जवळ ये. अकोल्याला बसली आहेस म्हणून काय झालं, कागद जवळ ओढ आणि नीट वाच. तू लांबून ऐकतेस, अर्धंच ऐकतेस आणि उरलेलं आपल्या मनानं जोडतेस. ही तुझी लहानपणापासूनची खोड. सासरी सांगत असतेस म्हणे, की आमच्या मामानं भर तेजीत अमरावतीचं पुस्तकांचं दुकान रडत रडत दलालाच्या घशात घातलं. अगं, मामांनी दुकान दिलं नव्हतं, हे मी तुझी मामी सांगते. त्यांनी फक्त एका माणसाचा हात दाबला होता. रडत होते, हे मात्र खरं.

ती तेजी तू पाहिली नाहीस. साता समुद्रांपलीकडे गोऱ्यांची आपसांत लढाई लागली, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांना एकदम वऱ्हाडाची आठवण झाली. मग काय विचारतेस! ओसरीत कापूस, गोठ्यात कापूस (बैल बाहेर), देवघरात कापूस. भातकुलीकडच्या एका घरात नवरदेवाला टेकायला जागा नव्हती म्हणून लग्न कापसाच्या ढिगावर लावलं म्हणतात. मी गेले नव्हते, म्हणून शपथ घेत नाही.

साऱ्या परकोटाच्या आत कापूस नव्हता तो फक्त आमच्या दुकानात. तिथं पंचांगं, आरत्या, बाराखडीची पुस्तकं आणि मुंबईहून आलेल्या शिळाछापाच्या पोथ्या. गिऱ्हाईक बेताचंच, पण माणूस भरपूर. दिवेलागण झाली की दुकानात पोथी लागायची. एक शास्त्रीबुवा वाचायचे. दाराआड आम्ही बायका, पुढं गल्लीतले सगळे, आणि कोपऱ्यात आमचे रहीमचाचा, पुस्तकं बांधणारे, सुई-दोरा चालवत. त्यांना कोणी विचारलं की तुम्ही काहून ऐकता, तर म्हणायचे, "किस्सा तो किस्सा है बाप्पा, उसकू क्या पूछना."

आता दलाल. गणपत दलाल याचा आमच्या जागेवर डोळा होता. कापूस ठेवायला त्याला कोरडी खोली पाहिजे होती आणि आमची खोली कोरडी होती. तो दर आठवड्याला विचारायला यायचा, आणि मामा भिडस्त, तोंडावर नाही म्हणता येत नसे, म्हणून दर वेळी त्याला एक पंचांग विकून वाटेला लावायचे. त्या वर्षी गणपतच्या घरात जेवढी पंचांगं होती तेवढी काशीत नसतील.

आणि इथं माझी अक्कल मधे आली. थंडी पडली होती, लोक पोथी अर्धी टाकून उठायला लागले. मी जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवली, चांगली बैलगाडी झाकेल एवढी, आणि पुढच्या ओळीतल्या साऱ्यांच्या मांडीवर एकच पसरून दिली. लोक खूष. मी त्याहून खूष. मामांच्या शेजारी बसला होता गणपत दलाल.

तुला ठाऊक आहे, बाजारात कापसाचा सौदा तोंडानं होत नाही. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून बोलायचं. हात घट्ट दाबला की सौदा पक्का, मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही. गणपतला वाटलं, हा भिडस्त माणूस चारचौघांत बोलत नाही, आज आयतं पांघरूण आहे, विचारून पाहावं. त्यानं गोधडीखाली मामांचा हात धरला आणि बोटांनी खोलीचं भाडं सांगितलं. तिकडे पोथीत राणी तान्ह्या पोराला रानात ठेवून निघाली होती. तुझे मामा असे की पोथीतली गाय हंबरली तरी यांच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी हुंदका दिला आणि हाती लागला तो हात गच्च दाबला!

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतकडून गुळाची ढेप आली. मला वाटलं, पोथीचा प्रसाद. मी हौसेनं फोडून सगळ्या गल्लीत वाटला. (स्वतः दोनदा खाल्ला.) रहीमचाचा आले, मी हातावर ठेवलेला खडा पाहिला आणि तोंडात न टाकता परत माझ्यापुढं धरला.

"भाभी, ये परसाद नाही. सौद्याचा गूळ हाय."

"कायचा सौदा?"

"दुकानाचा. आता साऱ्या गल्लीनं खाल्ला. साक्षीदार तुमीच करून ठेवले."

मामांना विचारलं तर ते म्हणाले, "मले वाटलं, त्यालेही राणीचं दुःख झालं."

दुपारी गाड्या आल्या. हमालांनी कापसाचा एक बोजा आत आणून आपटला आणि पोथ्यांच्या फळीला हात घातला. मामांची पंचाईत. सौदा मोडला तर बाजारात तोंड दाखवायला जागा नाही, आणि पाळला तर दुकान नाही. मला काय सुचलं कोण जाणे, मी उंबऱ्यावर फतकल मारून बसले. डोक्यावर पदर होता, पण आवाज पदराखाली मावला नाही.

"गणपतभाऊ, सौदा झाला, गूळ मी खाल्ला, नाही म्हणत नाही. पण आत पोथी लागली हाय. लावलेली पोथी मधेच उठवता? आपल्या हातानं उठवा, मी सरकते."

गणपत थांबला. हमालांनीही हात काढून घेतले. पोथी मोडायचं पाप भर हंगामात कोण अंगावर घेईल?

"मंग समाप्ती कधी हाय वहिनी?"

"वाचून झाली की."

गल्लीसमक्ष ठरलं, की समाप्ती होईल त्या दिवशी किल्ली त्याच्या हातात. बोजा मात्र खूण म्हणून आतच राहिला. गणपत हसत गेला. त्याला हसायला कारण होतं. पोथीचं थोडंच उरलं होतं आणि शास्त्रीबुवा झरझर वाचत.

संध्याकाळी शास्त्रीबुवा आलेच नाहीत. त्यांना कापसाच्या काट्यावर काम मिळालं होतं, तिथं ओरडून वजन सांगायचं होतं. आवाज चांगला होताच. मामा वाचायला बसले तर दुसऱ्या ओवीलाच रडू लागले. मग उरलं कोण?

मी रद्दीच्या कागदांवर चोरून अक्षरं शिकले होते. एकेक अक्षर ओळखायचं, दुसऱ्याला जोडायचं, तोवर पहिलं विसरायचं. बाईमाणसानं चारचौघांत पोथी वाचायची म्हणून नाकं मुरडली गेली. मी म्हटलं, मुरडा, पण जागेवर बसून मुरडा. पहिल्या दिवशी माझी एक ओवी झाली. आणि ती नुसती वाचून कशी भागेल, अर्थ नको सांगायला? राणी रानातून चालली म्हटल्यावर बार्शीटाकळीच्या माझ्या माहेरची वाट आली, वाटेवरचा नाला आला, नाल्यात पडलेला माझा काका आला, काकानं सासऱ्याशी केलेलं भांडण आलं. भांडण मिटेपर्यंत दिव्यातलं तेल संपलं. राणी तिथंच उभी.

गोदे, गर्दी दुप्पट झाली. बायका दाराआडून पुढं आल्या त्या परत मागं गेल्या नाहीत.

गणपत येऊन विचारायचा, "कुठवर आलं?" मी म्हणायची, बसा, कळेल. तो आपल्याच बोज्याला टेकून बसायचा. पहिले काही दिवस पानं मोजायचा. मग मोजायचं सोडलं. एकदा मी माहेरच्या म्हशीवर आले होते तर घाईनं म्हणाला, "ते म्हशीचं राहू द्या ना वहिनी, पोराचं काय झालं ते सांगा." रहीमचाचांनी सुईवरून मान वर केली नाही, पण खांदे हलत होते.

पाऊस झाला, दसरा झाला, पुन्हा थंडी आली. राणी एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली पोचली. आणि तिकडे गोऱ्यांची लढाई संपली. भाव असा कोसळला की काल गोठ्यात कापूस ठेवणारे आज बैलांची माफी मागू लागले.

त्यानंतर गणपत आला तो पार उतरलेला. किल्ली मागेल म्हणून मी पोथी उघडून बसले. पण त्यानं आपलं उपरणं पसरलं आणि खालून मामांचा हात धरला. सौदा हातानं झाला, हातानंच सुटायचा. मामांचे डोळे भरायला लागलेले मी पाहिले आणि लांबूनच सांगितलं, "दाबू नका. नुसता सोडा."

मामांनी हात सोडला. आयुष्यात त्यांनी माझं तेवढं एकच ऐकलं.

"बोजा घेऊन जा," मी म्हटलं.

"गाडीभाडंही सुटत नाही त्याचं. राहू द्या तुमालेच," गणपत म्हणाला आणि त्याच बोज्याला टेकून बसला. "वाचा आता. आज पोरगा भेटवाच."

त्या कापसाच्या मी दुलया केल्या. ज्याची त्याला वेगळी, आणि हात बाहेर ठेवून बसायचं, हा दुकानाचा नियम. पोथी अजून चालू आहे. समाप्ती मी मुद्दामच केली नाही. तेजीचं काय, पुन्हा येते. लोक म्हणतात, मामीनं तोंडाच्या जोरावर दुकान राखलं. मामा म्हणतात, दलालाला दिलं असतं तर संध्याकाळी थोडी शांतता तरी मिळाली असती.

तेव्हा अकोल्यात आता खरं ते सांग, आणि इकडे ये. समाप्तीला ये असं म्हणणार होते, पण माझी वाचायची चाल पाहता तेवढं आयुष्य आपल्या दोघींनाही नाही. म्हणून बाई, लवकरच ये.