परत नको असलेला डबा

दारात दोन डबे होते. एक स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला. दुसरा प्लास्टिकचा, हॉटेलवाले पार्सलला देतात तसा.

शुभदाकाकूंनी स्टीलचा डबा उचलून सिस्टर हॅन्सनच्या हातात दिला. प्लास्टिकचा पायरीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"तो तुझा," मला म्हणाल्या. "परत नको आणूस. खाल्लंस की टाकून दे."

मग थोडं थांबून, "आणि मागचा स्टीलचा तुमच्याकडे राहिलाय ना, तोही राहू दे. मला नकोय आता."

आम्ही त्यांचा किराणा घेऊन गेलो होतो. पिशव्या दोन. हॅन्सनची त्यांनी हातातून घेतली होती. माझी "तिथेच ठेव, खाली" म्हणून फरशीवर. मग तिच्यावर सॅनिटायझरचा स्प्रे मारला. दुधाच्या बाटलीवर, कोथिंबिरीवर, चारी बाजूंनी. हॅन्सनच्या पिशवीवर नाही मारला.

"व्हॉट डिड शी से?" हॅन्सनने विचारलं.

"शी सेड थँक यू," मी म्हणाले.

मला काही वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. प्लास्टिकचा डबा उचलला, हसले, "येते काकू" म्हणाले. मास्कच्या आत हसायची गरज नव्हती. तरी हसले. सवय.

ही सवय कामाची होती. मी मिशनरी होते. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाची. आमच्यात तरुण मुलं-मुली घर सोडून दीड-दोन वर्षं देवाचं काम करायला जातात. मला मनिलाला जायचं होतं. कोविड आला, सीमा बंद झाल्या, आणि मेलबर्नच्या ट्रुगानिनामधली मी सिडनीच्या वेंटवर्थव्हिलमध्ये येऊन पडले. हॅन्सन माझी कंपॅनियन. क्वीन्सलंडची, गाईगुरांत वाढलेली, गोरी, मोठ्याने हसणारी. कंपॅनियन म्हणजे चोवीस तास सोबत. एकटीने कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं नाही. सकाळी उठायचं, प्रार्थना, व्यायाम, वाचन, मग कामाला. सिनेमा नाही, मुलांबरोबर फिरणं नाही, आठवड्यातून एकदा घरी फोन. लॉकडाऊन लागला आणि दारं ठोठावणं बंद झालं. मग दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोन टेबलं आणि दिवसभर व्हिडिओ कॉल. अनोळखी लोक आमचे चेहरे बघून कॉल कट करायचे. आधी तोंडावर दार आपटायचे. आम्हाला शिकवलेलं होतं, नाही म्हटलं तरी हसायचं. अपमान म्हणून घ्यायचा नाही. मी ते इतकं नीट शिकले की आत काही हलायचंच बंद झालं. सकाळी उठायचे, तयार व्हायचे आणि दिवसभर स्वतःला लांबून बघत राहायचे.

आणि छातीवर पाटी. काळी, पांढऱ्या अक्षरांची. वर "सिस्टर" आणि पुढे आडनाव. फक्त आडनाव. पहिलं नाव आमच्यात कोणी घेत नाही. हॅन्सनला त्याचं काय? तिच्या आडनावात काही लपलेलं नव्हतं.

माझं आडनाव इथे लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. लिहिलं असतं तर तुम्ही पहिल्या ओळीलाच मला एका खणात टाकून मग पुढचं वाचलं असतं. आम्ही नगरकडचे. पणजोबा ख्रिस्ती झाले, देव बदलला, आडनाव तेच राहिलं. आई-बाबा मेलबर्नला आल्यावर या चर्चमध्ये गेले. बाबा आयटीत आहेत. ट्रुगानिनामध्ये इतकी मराठी माणसं, पण बाबा सगळ्यांना पहिल्या नावानेच माहीत. त्यांनी मला लहानपणीच युक्ती शिकवली होती. कोणी आडनाव विचारलं की पहिलं नाव सांगायचं आणि लगेच विचारायचं, तुम्ही पुण्यात कुठे? पुण्याचा माणूस एकदा सुरू झाला की आपला प्रश्न विसरतो. युक्ती कधी फसली नाही. शुभदाकाकूंवरही चालली.

काकूंचे यजमान वेस्टमीडच्या हॉस्पिटलात डॉक्टर. कोविड वॉर्डात ड्यूटी, घरी आले की गॅरेजमध्ये झोपायचे. काकूंचा गुडघा दुखायचा आणि दुकानात जायची भीती वाटायची. वस्तीतल्या मदतगटाकडून आम्हाला त्यांचं नाव मिळालं. मी दारात मराठी बोलले तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. "अगं, कोथरूडच्या मुलीसारखी बोलतेस!" म्हणाल्या. त्यांना आमच्या धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. "देवबिव राहू दे, जेवलीस का?" एवढंच. पहिल्याच आठवड्यात दोघींत मिळून एक डबा दिला. साबुदाण्याची खिचडी, वर खोबरं. मी फ्लॅटच्या जिन्यावर बसून खाल्ली आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखी वाटली. मला त्या बाई आवडत होत्या. हे सांगायलाच हवं. त्यांच्याकडे जायचा दिवस मला बाकीच्या दिवसांतून वेगळा काढता यायचा.

"चांगल्या घरातली पोरगी तू," त्या म्हणायच्या. "या गोऱ्यांच्यात कुठे अडकलीस?"

चांगल्या घरातली. मी ऐकून घ्यायचे. थंडी होती, अंगात जॅकेट होतं, पाटी जॅकेटच्या आत होती.

मग ऊन पडायला लागलं. एका दुपारी मी जॅकेट गाडीतच ठेवलं. ठरवून नाही, उकडत होतं. काकू दारात आल्या, हसल्या, नजर खाली आली आणि पाटीवर थांबली. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. तेवढे पुरले.

"नगर म्हणाली होतीस ना?" त्यांनी विचारलं. "नगरमध्ये कुठे?"

मी गावाचं नाव सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या. त्या दिवशी डबा तयार नव्हता. त्यानंतरच्या खेपेला दोन डबे होते.

सोमवारी आमची सुट्टी. कपडे धुवायचे, घरी फोन करायचा. मी बाबांना सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज बातम्या वाचल्यासारखा सपाट होता. मला वाटलं, बाबा चिडतील.

"तू जॅकेट घालून जात जा ना," ते म्हणाले.

तिथे मला काहीतरी झालं. पायरीवरच्या डब्याने झालं नव्हतं, ते बाबांच्या त्या वाक्याने झालं. इतका शिकलेला माणूस, स्वतःच्या कष्टाने इथवर आलेला, समुद्र ओलांडून आलेला. आणि पोरीला सांगतोय, झाकून जा. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. मला दुखू नये म्हणून सांगत होते. आपण आयुष्यभर कसे जगलो ते सांगत होते. मी फोन घट्ट धरला. खूप दिवसांनी मला माझे हात जाणवले.

लोक माझा देव नाकारत होते, त्याला माझी हरकत नव्हती. तो त्यांचा हक्क. पण माझा हात नाकारलेला मी त्याच हसण्याखाली खपवला होता. वर "थँक यू" असं भाषांतर करून दिलं होतं.

मी काकूंचा मागचा स्टीलचा डबा घासला. त्यात शिरा केला, केळं घालून. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे मला आईने शिकवलं. काकूंनाही त्यांच्या आईने हेच शिकवलं असणार.

पुढच्या खेपेला पिशव्या गाडीतच ठेवल्या. जॅकेटही. डबा दोन्ही हातांत धरून दारात उभी राहिले.

"तुमचा डबा, काकू. हातात घ्या."

"अगं, नको म्हटलं होतं ना. ठेव बरं खाली. कोविड आहे."

"हॅन्सनच्या हातातून घेता."

"तू उगाच मनाला लावून घेतेस. आम्ही नाही हो असलं काही मानत. यांचे हॉस्पिटलातले किती मित्र येतात घरी."

"असलं म्हणजे कसलं?"

त्यांनी शेजारच्या दाराकडे पाहिलं. हॅन्सन माझ्याकडे, त्यांच्याकडे बघत होती. "व्हॉट्स गोइंग ऑन? व्हॉट इज शी सेइंग?"

या वेळी मी खरं भाषांतर केलं. काकूंसमोर. त्यांना इंग्लिश माझ्याइतकंच येत होतं.

"शी वोन्ट टेक इट फ्रॉम माय हँड्स," मी म्हणाले आणि पाटीवर बोट ठेवलं. "बिकॉज ऑफ धिस. शी रेड माय नेम."

"दॅट्स नॉट ट्रू," काकू एकदम इंग्लिशमध्ये म्हणाल्या. मग मला, मराठीत, दबक्या आवाजात, "शेजारी ऐकतील गं."

"मग घ्या."

हात पुढे आला नाही. मी मोजत नव्हते, पण पुरेसा वेळ दिला. मग आडनाव मोठ्याने उच्चारलं, आधी माझं नाव, मग बाबांचं, मग ते. अख्खं. वळले. दार बंद झाल्याचा आवाज मागून आला. गाडीतून पिशव्या काढून हॅन्सनच्या हाती दिल्या. "तू दे," म्हटलं, "त्यांना खायला लागेल. मी नाही देणार." ती देऊन आली.

गाडीत ती म्हणाली, "मे बी शी इज जस्ट स्केअर्ड, यू नो? ऑफ कोविड." मी सीटबेल्ट लावला. तिला समजावणं हेही माझंच काम, असं मला त्या दिवशी वाटलं नाही.

शिरा आम्हीच खाल्ला. मला मोकळं वगैरे काही वाटलं नाही. एक घर होतं, जिथे माझ्याशी कोणी मराठी बोलायचं, ते गेलं.

सोमवारी बाबांनी विचारलं, "जॅकेट घातलं होतंस?"

"नाही."

"हो, आता गरम व्हायला लागलं असेल," ते म्हणाले. त्यांनी मला पळवाट काढून दिली.

"गरम होतं म्हणून नाही, बाबा. थंडीतही पाटी झाकणार नाही. आणि तुमचं आडनाव मी त्यांच्या दारात ओरडून सांगून आलेय."

बाबांनी आईला हाक मारली. मग फोन आईकडे गेला.

डबा माझ्याकडे आहे. झाकणावर त्यांचं नाव आहे, ते मी खरवडलं नाही. असू दे. रोज त्यातच जेवते. पाटी आता बाहेर असते, जॅकेटच्या वर. आणि पिशवी मी कुणाच्या पायरीवर ठेवत नाही. समोर धरते. हात पुढे आला नाही, तर पिशवी माझ्याबरोबर परत येते.