विलायतेच्या यादीतलं दुसरं नाव

सरळच सांगतो. माझ्या मित्राला विलायतेची जागा मिळाली, मला मिळाली नाही, आणि माझा जळफळाट झाला. अजून होतो.

आम्ही दोघं लालबागच्या एकाच चाळीतले, एकाच मजल्यावरचे, आणि एम.एस्सी.ला गणिताच्या एकाच वर्गात. एक दिवस कॉलेजच्या फळ्यावर कागद लागला. इंग्लंडातलं एक विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांना सहा महिने आपल्या प्रयोगशाळेत घेणार. तिथे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आहे. प्राध्यापकांच्या हाताखाली त्यावर संशोधन करायचं, शिकायचं आणि परत यायचं. जाण्यायेण्याचं, राहण्याचं सगळं त्यांच्याकडे. मुंबईतून एकच विद्यार्थी.

गणकयंत्र आम्ही चित्रातच पाहिलं होतं. पण शून्य आणि एक एवढ्या दोनच आकड्यांत अख्खं गणित कसं मांडायचं, ते आम्ही दोघं मिळून शिकलो होतो. कागद माझे. संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं माझ्या खाटेखाली गठ्ठ्यांनी असत. पत्रकाच्या छापील बाजूला माझी गर्जना, पाठीमागच्या कोऱ्या बाजूला त्याचे शून्य-एक.

हो, गर्जना माझीच. पत्रक लिहायचं, छापखान्यात उभं राहून तपासायचं, गिरगावपासून करी रोडपर्यंत वाटायचं, सभेत बोलायचं, लाठी खायची. एकदा आत जाऊनही आलो. आणि हा? हा एकदाच मोर्च्याला आला. ठाकूरद्वारला गर्दीत चप्पल हरवली, ती शोधली आणि घरी गेला. मग मी विचारतो, निवड कोणाची व्हायला हवी होती?

मुलाखतीला तीन जण होते, त्यातला एक गोरा. मला विचारलं, सहा महिने यंत्र हाताशी आलं तर काय कराल? बसायला खुर्ची दिली होती, तरी मी उभा राहिलो. सवय. असलं यंत्र आमच्या देशात का नाही, इथपासून सुरुवात केली ती दहा मिनिटं थांबलो नाही. टेबलावर मूठ आपटली तेव्हा ग्लास कलंडला. गोऱ्याने रुमाल काढून कागद पुसले.

त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो काय म्हणाला, ते त्यानेच मला चाळीचा जिना चढताना सांगितलं. "मोठ्या गणितात प्रत्येक पायरीला शेवटचे आकडे सोडून द्यावे लागतात ना, मग हजार पायऱ्यांनंतर चूक किती वाढते? मला काढता येत नाही, म्हटलं. ते बघायचंय."

"येत नाही म्हणालास? मुलाखतीत?"

"येत नाही तर काय म्हणू? तू काय म्हणालास रे?"

"बोललो बरंच."

यादी लागली. पहिलं नाव त्याचं. दुसरं माझं, आणि त्याखाली एक ओळ: पहिल्याला जाता आलं नाही तर दुसऱ्याला पाठवावं. पहिलं नाव मी एकदाच वाचलं. ती ओळ रोज जाऊन वाचत होतो.

त्याच्या आईची, म्हणजे आमच्या काकीची, खानावळ. गिरणीतली माणसं पाळीप्रमाणे तिच्याकडे जेवतात. त्या दिवशी काकीने सगळ्या पंगतीला शिरा वाढला. मला तर दोनदा. "खा रे, तुझो दोस्त चललो विलायतेक!" शिरा उत्तम झाला होता. त्याचाही राग आला.

आता आमच्या चाळीची एक रीत सांगायला हवी. चळवळीत पोलीस साध्या कपड्यांत यायचे आणि पोरांची नावं घेऊन चौकशी करायचे. म्हणून मी स्वतः दारोदार फिरून एक वाक्य पढवलं होतं: असा कोणी इथे राहत नाही. कोणीही येवो, कोणाचंही नाव घेवो, एवढंच बोलायचं. काकीकडून तर मी ते चारदा म्हणून घेतलं होतं. त्या वाक्याने दोन कार्यकर्ते वाचले होते, आणि एकदा मीही.

एका सकाळी दुसऱ्या पाळीवाल्यांची पंगत बसली होती. पांढरा सदरा घातलेला एक इसम काकीच्या दारात आला. पायांत पोलिसी बूट. त्याने माझ्या मित्राचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट.

"हे इथेच राहतात ना?"

"कोण?" जेवणाऱ्यांतला एक म्हणाला. "नाव नवीनच ऐकतोय बुवा. काकी, भात."

"बाई, तुम्ही सांगा."

काकीने बुटांकडे पाहिलं. "असो कोण नाय हय रवत."

"तुमचा मुलगा ना तो?"

"माका झीलच नाय!" काकी म्हणाली आणि भात वाढायला वळली.

मी बाहेर गॅलरीत कठड्याला टेकून उभा होतो. इसम माझ्याकडे आला. त्याच्या हातात पासपोर्टचा अर्ज होता आणि अर्जाला फोटो टाचलेला. दादरच्या स्टुडिओत काढलेला. त्यासाठी कोट मीच दिला होता. माझ्या लक्षात आलं. पासपोर्टच्या आधी पोलीस पत्त्याची खात्री करतात, तीच ही चौकशी. 'हो, राहतो' एवढं म्हटलं की काम झालं.

"यांना ओळखता?"

मी फोटो नीट बघितला. माझा कोट त्याला मोठा होत होता.

"असा कोणी इथे राहत नाही."

इसमाने काहीतरी लिहिलं आणि तो गेला. मी स्वतःला सांगितलं, नियम म्हणजे नियम, आपल्यासाठी वेगळा कसा करायचा? जो दुसऱ्यांना पटवायची पत्रकं लिहितो, त्याला स्वतःला पटवायला कितीसा वेळ लागतो? त्याच दुपारी मी, हजार पायऱ्यांनंतर चूक किती वाढते, ते त्याचं गणित घेऊन बसलो. उद्या मला पाठवलं तर तयारी असावी.

पासपोर्ट येईना. बोट आठवड्यावर आली तेव्हा तो कचेरीत जाऊन विचारून आला आणि माझ्या शेजारी गॅलरीत बसला.

"मी म्हणे इथे राहतच नाही. तसा शेरा आहे." तो हसला. "आता काय होणार! उद्या कॉलेजात सांगून येतो, तुझं नाव पाठवा म्हणून. जागा फुकट जायला नको."

हे ऐकलं आणि मी भडकलो. अरे, भांड ना! आठ वर्षं घासून मिळवलेली जागा अशी उचलून देतोस? इतक्या सहज? जी मी चोरायला निघालो होतो, ती हा वाटीभर साखरेसारखी शेजारी देत होता.

"ऊठ," मी म्हणालो. "ठाण्यावर जायचंय. काकी, रेशनकार्ड घ्या."

काकी निघाली, तशी अख्खी पंगत हात धुऊन मागे आली. आजूबाजूच्या खोल्यांतलेही आले. ठाण्यातल्या फौजदाराने माझं तोंड ओळखलं, मागची गर्दी पाहिली आणि दोन शिपाई दारात उभे केले.

"मागणी काय आज?"

"हा आमच्या चाळीत राहतो," मी म्हणालो. "एवढीच."

"होय तर! माझो झील तो!" काकीने रेशनकार्ड टेबलावर आपटलं.

तो पांढऱ्या सदऱ्यातला इसम आतून आला. "बाई, तुम्हीच म्हणालात ना, मला मुलगाच नाही?"

"तेवा नाय हुतो. आता आसा!"

फौजदारही हसला. मग त्या इसमाने माझ्याकडे बोट केलं. "या साहेबांना तर मी फोटो दाखवला होता. नीट बघून नाही म्हणाले."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी रेशनकार्ड उचलून फौजदारापुढे सरकवलं.

शेरा बदलला. पासपोर्ट बोटीच्या आदल्या दिवशी हातात पडला. धक्क्यावर सामान वर गेल्यावर तो माझ्याजवळ आला.

"पासपोर्टची चौकशी आहे, हे तुला तेव्हाच कळलं होतं?"

"कळलं होतं."

त्याने मान हलवली. "सहा महिन्यांनी येतो. तेव्हा भांडू." आणि शिडी चढून गेला. अंगात माझाच कोट.

काल त्याचं पत्र आलं. काकीला वाचता येत नाही. वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. पंगत बसली होती, मी मधोमध उभा राहून वाचायला लागलो. यंत्र अख्ख्या खोलीएवढं आहे. कागदाच्या पट्टीला भोकं पाडून त्याला गणित सांगायचं. पट्टी तीनदा चुकली, चौथ्यांदा चालली. भांडणाबद्दल अख्ख्या पत्रात अक्षर नाही, ते मी आधीच चाळून पाहिलं होतं.

"भोकां पाडून गणित कसा सांगतत रे?" काकीने विचारलं.

मी सांगितलं. भोक असलं की एक, नसलं की शून्य. ताटाच्या कडेला चण्याचे दाणे मांडून दोन आणि तीनची बेरीज करून दाखवली. जेवणारे थांबून बघत होते. एकाने दाणे स्वतः मांडून बघितले आणि त्याला जमलं.

काकी माझ्याकडे बघत राहिली. "तुका इतक्या सगळ्या येता, मगे तू कित्याक नाय गेलंस?"

मी पत्राची पुढची ओळ वाचायला घेतली.