बंद फोनवर सगळं दिसतं!

गुरुवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. आमच्या घरातली शांतता गेली ती तेव्हा.

अमेरिकेत, सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमागे झोपाळे आहेत. संध्याकाळी आम्ही बायका तिथे पोरांना झोके देत उभ्या राहतो. एकीचं सांगून होतं न होतं तोच दुसरी म्हणते, "हे तर काहीच नाही, आमच्याकडे काय झालं ऐक!" असे किस्से साठत जातात. पण दोन हजार आठ साली सगळे किस्से एकाच वस्तूचे. नवऱ्यांचे नवे फोन!

तर त्या गुरुवारी आमचे हे नवा फोन घेऊन आले. नुसती काच, एक आकडा दाबायला नाही! "अगं, याला कुलूप असतं. माझ्याशिवाय कोणी उघडूच शकत नाही," असं म्हणत त्यांनी तो टेबलावर ठेवला.

टिंग!

कुलूप लावलेला फोन आपोआप उजळला आणि वर अख्खा मेसेज! आमची सई सहा वर्षांची. दिसेल ते मोठ्यानं वाचते, शाम्पूची बाटलीसुद्धा सोडत नाही. तिनं वाचलं. मग आजीला इंग्रजी येत नाही म्हणून मराठीत सांगितलं, "आजी, प्रकाश अंकल म्हणतात तुझी भाजी खूप तिखट. स्टिल बर्निंग!"

प्रकाश म्हणजे आमच्या शेजारच्या वृषालीचा नवरा. माझ्या हातातून चमचा पडला. सासूबाई मात्र शांत. म्हणाल्या, "तिखट होती तर दोनदा मागून का नेली? आणि माझा डबा कुठाय?"

*

सगळे हसले, पण मी तो फोन उचलून पालथा ठेवला. कारण सांगते.

मी सातवी शिकलेली. लग्न सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालं, म्हणून इथवर आले. म्हणजे सासूबाई माझ्या आत्या. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. आणि मला दिवस गेले होते.

मागच्या वर्षी दीड महिन्यातच मी सगळ्यांना सांगून बसले. नंतर त्याच झोपाळ्यांपाशी एकेकीला "नाही राहिलं" हेही सांगावं लागलं. म्हणून या वेळी ठरवलं, तीन महिने भरेपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही. आत्यालाही नाही. आत्याला सकाळी सांगितलं की भारतात फोन लावायच्या कॉलिंग कार्डावरून संध्याकाळपर्यंत अख्ख्या कराडला कळतं!

आणि क्लिनिकमध्ये नंबर दिला होता ह्यांचा. माझ्याकडे फोन कुठे होता?

*

दुसऱ्या दिवशी झोपाळ्यापाशी वृषालीचा चेहरा पांढराफटक. ती नागपूरची. म्हणाली, "काय सांगू बाप्पा, मेलेच मी!"

प्रकाश मीटिंगमध्ये होता. फोन टेबलावर, बॉसच्या नाकासमोर. हिनं घरून मेसेज टाकला, "येताना डायपर आण. आणि त्या टकल्याला म्हणावं, तुला घरी बायको नाही का?"

टिंग! सगळं फोनवर झळकलं. इंग्रजी अक्षरात असलं तरी भाषा मराठी, आणि बॉस निघाला पुण्याचा!

"मग गं?" मी विचारलं.

"मग काय! त्यानं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, 'आहे ना. तिनंपण डायपरच सांगितलेत. चला, संपवू मीटिंग!'"

*

त्यानंतर वृषालीचे वडील. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांना शुगर. फिरायला जाताना ते जावयाचा फोन खिशात टाकून निघाले. वाटेत फोननं विचारलं, तुम्ही कुठे आहात ते घरच्यांना दाखवू का? काकांनी ओके दाबलं.

इकडे वृषाली कॉम्प्युटरसमोर. नकाशावर निळा ठिपका चालत चालत मिठाईच्या दुकानापाशी गेला. आणि तिथेच बसला! हलेचना. काकूंना तर रडूच फुटलं, चक्कर येऊन पडले की काय म्हणून.

काका मजेत घरी आले. "लायब्ररीत होतो!"

"बाबा, ओठाला वर्ख लागलाय," वृषाली म्हणाली. "आणि फोनला ओके कशाला केलंत?"

"अगं, इतक्या अदबीनं विचारलं त्यानं! या घरात मला एवढं कोण विचारतं? नाही कसं म्हणू?"

*

हे ऐकल्यावर माझी झोपच उडाली. सईला वाचता येतं आणि आत्याला ऐकू येतं. एवढं पुरेसं होतं!

"अहो, ते दिसणं बंद करा," मी मागे लागले. ह्यांनी सेटिंगमध्ये जाऊन मेसेज दिसायचं बटण बंद केलं. मी वृषालीच्या फोनवरून 'भात' असा मेसेज टाकून बघितला. टिंग झालं, पण भात काही दिसला नाही. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

*

पुढच्या शनिवारी ह्यांच्या ऑफिसची पिकनिक होती. आत्याही आल्या. सँडविच हातात घेतंय तोच ह्यांची मॅनेजर लिंडा धावत आली, मला मिठी मारली आणि हातात एक पिवळी टोपी ठेवली. हातानं विणलेली. लिंबाएवढी!

"काँग्रॅच्युलेशन्स!"

मागून सगळी टीम टाळ्या वाजवायला लागली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आपल्या फोनकडे बघत होते.

"अगं... मेसेज बंद केले होते. कॅलेंडर राहिलं."

ह्यांनी माझ्या डॉक्टरची तारीख कॅलेंडरवर टाकली होती. 'संगीता, बेबी चेकअप.' आणि ते कॅलेंडर होतं ऑफिसचं! दर वेळी सगळ्यांच्या फोनवर एकदम टिंग!

"दहाच्या दहा जणांना माहीत आहे?"

"अकरा," हे हळूच म्हणाले. "एक जण पुण्यातून काम करतो."

तेवढ्यात सई आत्याकडे धावली. "आजी, ती म्हणते, आईला बेबी..."

आत्यांनी तिच्या तोंडात द्राक्ष कोंबलं. टोपी माझ्या हातातून घेतली, उलटीसुलटी करून बघितली.

"तीन महिने भरायला किती दिवस आहेत?"

"बारा," मी कशीबशी म्हणाले.

"मग मी काही ऐकलं नाही. मला इंग्रजी कुठं कळतं!" असं म्हणून त्यांनी टोपी आपल्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

त्यानंतर घरात एकदाही हिंगाची फोडणी पडली नाही. "संपलाय," म्हणायच्या. डबी तर भरलेली होती. दिवस असताना हिंग नको म्हणतात ना! कॉलिंग कार्ड फ्रिजवर तसंच चिकटवलेलं.

तेराव्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत आत्यांनी पर्समधून टोपी काढून माझ्यापुढे ठेवली.

"संगे, ऊठ. आता सगळ्यांना सांग. माझं कार्ड दे इकडे. आणि त्या लिंडालापण कळव. बिचारीनं एवढी टोपी विणली, तिला कोणी सांगितलंच नाही अजून!"