येणाऱ्याला वाट दाखवणारा

भुसावळच्या प्रशीलला कुणाकडे काही मागायचं म्हणजे जिवावर यायचं. यावलच्या रस्त्यावर मोटरसायकल पंक्चर झाली, तर पठ्ठ्याने ती पाच किलोमीटर ढकलत आणली. ओळखीच्या टेम्पोवाल्याला हातसुद्धा केला नाही. खांबावर चढून केबल ओढता ओढता तो जीवरामभाऊंच्या इंटरनेट कंपनीत इंजिनिअर झाला, तोही कुणाला न विचारता.

आणि काम मिळालं ते नेमकं दुसऱ्यांवर अवलंबून राहायचं. कंपनीला जगाकडे दोन वाटा होत्या, एक जळगावच्या मोठ्या कंपनीतून, दुसरी धुळ्याच्या. जाणारा डेटा कुठून पाठवायचा हे प्रशीलच्या हातात. येणारा कुठून येईल हे मात्र पाठवणारे ठरवणार. इथून फार तर सुचवायचं. जळगावची वाट तुंबलेली, धुळ्याची मोकळी पडलेली.

मंगळवारी यावलची मयुरी ऑफिसात आली. गुरुवारी अकराला पुण्याच्या इस्पितळाची व्हिडिओवर मुलाखत, नर्सची नोकरी. सराव करताना समोरचा चेहरा सारखा गोठत होता. वडील गेल्यापासून घर तिच्यावरच होतं. गुरुवारी अडकणार नाही, असा प्रशीलने शब्द दिला.

प्रत्येक कंपनीचा एक नंबर असतो; वाटेवर नंबर जितके जास्त, तितकी ती लांबची समजतात. जळगावची वाट लांबची दिसावी म्हणून प्रशीलने तिच्यावर आपला नंबर पाच वेळा लिहिला, मग दहा वेळा. डेटा तरी तिकडूनच येत राहिला. गुरुवारचे सव्वादहा वाजले.

उपाय एकच होता, जळगावच्या कंपनीतल्या सपना मॅडमना फोन. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्याची चूक चारचौघांत दाखवली होती, तेव्हापासून याने बोलणं टाकलेलं. फोन हातात घेऊन तो नुसता बसला. तेवढ्यात मयुरीचा मेसेज आला, 'दादा, तयारी करून बसलेय.'

"मॅडम, एक मदत पाहिजे," तो म्हणाला. एवढं बोलायलाही त्याला घाम फुटला.

प्रशीलची कंपनी त्यांची गिऱ्हाईक, आणि त्यांच्याकडे गिऱ्हाइकाची थेट वाट नेहमी पहिली, लांबी कुणी बघतच नाही, असं मॅडमनी सांगितलं. त्यांनी एक खूण दिली. ती आपल्या कंपनीच्या इंटरनेटवरच्या पत्त्यांना लावली की त्यांची यंत्रं जळगावची वाट शेवटी धरणार होती. प्रशीलने लावली. पावणेअकराला डेटा धुळ्याकडे वळला.

"परवापासून तुमचे ते दहा नंबर दिसत होते, प्रशीलभाऊ," मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, आज तरी विचाराल."

तो ओशाळला.

दुपारी मयुरीचा फोन आला. एकदाही अडकलं नव्हतं, निकाल आठवड्याने. ती आभार मानू लागली, तर त्याने तिला मधेच थांबवलं.

"जळगावच्या सपना मॅडमनी केलं ते. मी फक्त विचारलं, तेही उशिरा."