एकट्याला शिकवलेला पंप

“डॉक्टर, माका गोळीच दिया. ह्यो पंप नको.”

सगुण (नाव बदललंय) धारगळचा. हायवेला त्याचं हार्डवेअरचं दुकान. वय चाळिशीच्या आत, पण डायबेटिस जुना आणि हृदयाचं औषध चालू. त्या औषधासोबत ताठरतेची गोळी घेतली तर ब्लडप्रेशर धाडकन कोसळतं. म्हणून गोळी बाद.

उरला व्हॅक्यूम पंप. प्लास्टिकची नळी, तिला हातपंप. आतली हवा काढली की रक्त इंद्रियात ओढलं जातं. मग मुळाशी रबरी रिंग सरकवायची, ती अर्ध्या तासाच्या आत काढायची. इतकं सोपं.

“बायकोला घेऊन ये. दोघांनी शिकायचं असतं.”

“तिका कित्याक? दोस माजो.”

हट्टच धरला. शेवटी एकटाच शिकून पंप घेऊन गेला.

काही महिन्यांनी डिचोलीच्या माझ्या क्लिनिकमध्ये परत आला. पंप एकदाही वापरला नव्हता. बायकोला काय सांगायचं, हेच ठरेना. इकडे घरच्यांनी देवळात प्रसाद लावला. आमच्याकडे काही अडलं की गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून विचारतो. उजवी पाकळी आधी पडली की होकार. थोरल्या भावाने विचारायला लावलं, मूल होत नाही तो दोष सुनेच्या माहेरचा का? उजवी पडली. त्याच्या बायकोची, सुषमाची, रवानगी मयेला, माहेरच्या देवाचं राहिलेलं फेडायला.

“आणि तू?”

“हात जोडून उबो रवलंय.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पेशंटचं गुपित मला फोडता येत नाही.

“आजच्या आज मयेला जा. तुझ्या तोंडाने सांग.”

गेला बिचारा. पुढच्या आठवड्यात आला तेव्हा त्याच्याकडे बघवेना. सुषमा म्हणे रडली नाही, ओरडली नाही. पंप हातात घेऊन बघितला, कसा चालतो तेही विचारलं. मग म्हणाली, “दुखण्याचो राग नाय माका. पण गाऱ्हाणं घालताना तुमी थंयच उबे आसलात.”

ती परतली नाही. यंदा घटस्फोट झाला.

आता नवरा एकटा आला तर मी पंपाचा बॉक्स उघडतच नाही. बायकोला घेऊन या म्हणतो. बहुतेक जण मान डोलावतात आणि पुन्हा येत नाहीत.